‘मॅनेज्ड’ म्हणून साधा स्विच गळ्यात मारला: होमस्टेवाल्यांनो, आजच तपासा

दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं होमस्टे आहे. दिवाळीनंतर कॅमेरे, वायफाय आणि ऑफिसचा कॉम्प्युटर नव्याने जोडून घेतला. काम घेणाऱ्याला मी एकच अट घातली होती: पाहुण्यांचं वायफाय वेगळं आणि ऑफिस वेगळं. आमच्या कॉम्प्युटरवर पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती असतात. लोक विश्वासाने देतात, त्या सांभाळणं आमचं काम. “त्याला मॅनेज्ड स्विच लागतो, व्हीलॅन करून देतो,” असं तोच म्हणाला आणि आठ पोर्टच्या स्विचचे साडेअकरा हजार घेऊन गेला. स्विच म्हणजे सगळ्या नेटवर्क केबली जोडायचा डबा, पोर्ट म्हणजे त्यातली केबल लावायची जागा. स्विच मॅनेज्ड असेल तर त्यात सेटिंग करून व्हीलॅन, म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळी नेटवर्क, करता येतात.

मे महिन्यात सगळ्या खोल्या भरलेल्या असताना ऑफिसातला प्रिंटर आपसूक सुरू झाला आणि त्यातून रेल्वेचं तिकीट बाहेर आलं. खालच्या खोलीतल्या पाहुण्यांनी मोबाइलवरून प्रिंट दिली होती. त्यांच्या मोबाइलला आमचा प्रिंटर दिसत होता, म्हणजे दोन्ही नेटवर्क एकच होती. ज्यासाठी पैसे मोजले तेच केलेलं नव्हतं.

भाचा पुण्यात नेटवर्किंगचंच काम करतो. सुट्टीला आला तेव्हा त्याने पाहिलं. मॅनेज्ड स्विचला स्वतःचा आयपी पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिनचं पान उघडतं आणि कुठलं पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे ते आत दिसतं. आमच्या स्विचला पत्ताच नव्हता. पुढच्या बाजूला एक बारीक सरकबटण, त्यावर ‘व्हीलॅन’ आणि ‘एक्स्टेंड’ असं छापलेलं. त्यातल्या व्हीलॅनने एवढंच होतं की पोर्टं एकमेकांपासून तुटतात आणि फक्त अपलिंकशी, म्हणजे राउटरकडे जाणाऱ्या पोर्टशी, बोलतात. ते सरकवल्याबरोबर रेकॉर्डरवरचे कॅमेरे गेले. म्हणूनच त्या माणसाने ते बंद ठेवलं होतं. एक्स्टेंडने केबल अडीचशे मीटरपर्यंत चालते म्हणतात, पण वेग १० एमबीपीएसवर येतो.

मग भाच्याने खोक्यावरचं ‘मॅनेज्ड’ लिहिलेलं स्टिकर नखाने सोललं. खाली कंपनीने छापलेलं होतं: अनमॅनेज्ड. ही चूक नव्हे, ठरवून केलेली लबाडी आहे. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

दिवेलागणीला फाटकावरचा कॅमेरा बंद पडायचा, त्याचंही कारण तेव्हाच कळलं. अंधार झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज ओढतो. कॅमेऱ्यांना वीज स्विचमधूनच, नेटवर्कच्या केबलीतून मिळते; याला पीओई म्हणतात. स्विच १२० वॉटचा म्हणून विकला होता. अॅडॉप्टरवर मात्र ५२ व्होल्ट, १.२५ अँपिअर, गुणाकार केला तर ६५ वॉट. “समुद्राची हवा, केबल गंजली असेल” असं सांगून त्याने आमच्याकडून केबलचेही पैसे काढले होते. खाऱ्या हवेने जोड गंजतात हे खरं, पण मग तो कॅमेरा दिवसाही गेला असता.

बिलावर नुसतं ‘नेटवर्क साहित्य’. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांकही नाही. आता तो फोन उचलत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर होतो. घरच्याच माणसांनी चालवलेल्या होमस्टेवाल्यांनी हा मुद्दा तक्रारीत जरूर लिहावा.

नवा स्विच घेताना मॉडेल नंबर आधी मागितला, कंपनीच्या साइटवर ८०२.१क्यू व्हीलॅन (खऱ्या व्हीलॅनचं मानक) आणि एकूण पीओई वॉट वाचले, आणि लॉगिनचं पान समोर उघडून दाखवल्यावरच पैसे दिले. पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला. पाहुणे, ऑफिस, कॅमेरे असे तीन व्हीलॅन केले आणि पाहुण्यांच्या वायफायवरून ऑफिसकडे जाणारी वाट राउटरवरही बंद केली, कारण राउटर मधून वाट देत असेल तर नुसत्या व्हीलॅनने भागत नाही.

तो माणूस मुरुड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात अजून कामं घेतो आहे. तुमच्याकडे त्याने स्विच बसवला असेल तर आज पाहुण्यांच्या वायफायला स्वतःचा मोबाइल जोडा आणि ऑफिसचा प्रिंटर दिसतो का बघा. दिसला तर आधी आधारच्या प्रती त्या कॉम्प्युटरवरून हलवा, आणि खोकं फेकू नका, पुरावा म्हणून तेच लागेल.