शाइन 125 वर्षभर वापरल्यावर: साताऱ्यात पहिली गिअरची गाडी घेणाऱ्यांसाठी

पाडव्याला घेतलेल्या होंडा शाइन 125 ला आता वर्ष होत आलं. उन्हाळा झाला, पावसाळा झाला, उसाचा हंगामही संपत आला, त्यामुळे आता हिच्याविषयी बोलायला हरकत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. पहिली गाडी घेताना सीसी, पिकअप, ॲव्हरेज हे सगळं नंतर. आधी वजन बघा, आणि तेही गाडी बंद असताना. चालू गाडी कुणालाही हलकीच वाटते.

मी समर्थ मंदिराच्या बाजूला राहते, म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला. नोकरी कोरेगावला. उंची 5 फूट 2 इंच. कॉलेजपासून स्कूटरच चालवत आले. मग आता गिअरची कशाला, हे आईपासून ऑफिसातल्या शिपायांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं. कारण साधं आहे, चाक. स्कूटरचं चाक 10 नाहीतर 12 इंचांचं, शाइनचं 18 इंचांचं. पावसाळा सरता सरता रस्त्याची जी चाळण होते, त्यातून रोज जा-ये करणाऱ्याच्या कमरेला हा फरक लगेच कळतो. स्कूटरवरून घरी आले की मी आधी आडवी व्हायचे, आता आधी चहा टाकते.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते म्हणून सांगते. स्कूटरचं लायसन्स विनागिअरचं असेल तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. गिअरचा प्रकार लायसन्सवर वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी लर्निंग काढायचं, ते 6 महिने चालतं, आणि 30 दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. आठचा आकडा काढताना पाय टेकायचा नाही. ही परीक्षा मी चुलतभावाच्या जुन्या स्प्लेंडरवर दिली, आणि गाडीचं वजन म्हणजे काय हे तिथेच डोक्यात बसलं. आठच्या वळणात गाडी हळू असते, हँडल वळलेलं असतं, आणि वजनदार गाडी नेमकी तिथेच एका अंगाला ओढते.

आता निवडीचं. घरात दोन तट होते. दादा म्हणत होता रॉयल एनफिल्डची हंटर 350 घे, आयुष्यात एकदाच घेतेस. बाबा म्हणत होते स्प्लेंडर घे, विषय संपला. टीव्हीएस रेडर माझ्या डोक्यात होती, दिसायला आवडली होती. कागदावरचे आकडे असे: स्प्लेंडर प्लस 112 किलो, शाइन 125 साधारण 113-114, रेडर 123, हंटर 181. सीटची उंची मात्र चौघींची जवळपास सारखी. स्प्लेंडर 785 मिलिमीटर, शाइन 791, रेडर 780, हंटर 790. म्हणजे नुसती सीटची उंची बघून गेलं तर हंटर आणि शाइन सारख्याच. पण हंटर शाइनपेक्षा जवळजवळ 67 किलोंनी जड. एक धडधाकट माणूस टाकीवर बसवून गाडी मागे ढकलायची असं समजा.

आणि साताऱ्यात गाडी मागे ढकलावीच लागते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलेलं गाव, वरच्या पेठांत सपाट जागा म्हणून नाही. राजवाड्यापाशी गाडी तोंडाने उताराला लावली की निघताना ती चढावर मागे ओढून काढायची, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या गाड्या खेटून. 350 वाले हे रोज करतात, पण त्यांचे दोन्ही पाय व्यवस्थित टेकतात आणि हाताला सवय झालेली असते. नव्या माणसाची गाडी पडते ती अशा वेळी, भर रस्त्यात धावताना क्वचितच.

शोरूममधली फरशी सपाट आणि गुळगुळीत असते, तिथे सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. मी टेस्ट राईडची गाडी जवळच्या चढावर नेली, बंद केली आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून नुसत्या डाव्या पायावर उभी राहिले. स्कूटरवरून येणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात, त्यामुळे दोन्ही पाय जमिनीवर. मोटारसायकल चढावर थांबली की उजवा पाय ब्रेकवर अडकलेला, मग सगळा भार डाव्या पायावर. तो पाय टाचेसकट टेकतो का, एवढंच बघायचं. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि कागदावर 790 असलेली सीट पायाला उंच लागते. शाइनवर माझी टाच अगदी थोडी उचललेली राहते, पण पंजा पक्का बसतो. सेल्समन म्हणत होता, ‘मॅडम, सवय होते.’ सवय क्लचची होते, उंची काही वाढत नाही.

चढावर असं एका पायावर थांबणं आता माझं रोजचंच आहे. मोती चौकाकडून घराकडे वर येताना आई मागे एका बाजूला बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, आणि पुढची रिक्षा मध्येच थांबलेली. आई डावीकडे पाय सोडून बसते, त्यामुळे गाडी आधीच डावीकडे झुकते. निघायचं असं: उजवा पाय ब्रेकवर तसाच, पहिला गिअर, क्लच हळू सोडायचा, इंजिनचा आवाज किंचित खाली बसला की तिथेच बोटं थांबवायची, थोडी रेस द्यायची आणि मग ब्रेकवरचा पाय उचलायचा. गाडी मागे येत नाही. सुरुवातीला बंद पडायची, मागून हॉर्न वाजायचे, आई म्हणायची, ‘उतरू का?’ आता नाही विचारत. शाइनचा क्लच मऊ आहे, गर्दीत सारखा दाबूनही मनगट दुखत नाही. 5 गिअर आहेत, पण गावात चौथ्याच्या पुढे जायची वेळ येत नाही.

ॲव्हरेज मला टाकी फुल ते टाकी फुल मोजून 55 ते 60 च्या मध्ये मिळतं. कोरेगावला एकटी गेले तर वरच्या बाजूला, गावातच फिरवली तर खालच्या. टाकी 10.5 लिटरची आहे, त्यामुळे पंपावर वारंवार जावं लागत नाही. यापेक्षा जास्त आकडे सांगणारे लोक भेटतात, त्यांना माझा नमस्कार.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण 125 घेण्यातला खरा तोटा इथे आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, मी गाडी घेतली तेव्हा 125 पर्यंत सीबीएस चालत होतं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. चाक लॉक होणं त्याने थांबत नाही, ते काम एबीएसचं. माझ्या गाडीला पुढे डिस्क आहे, कोरड्या रस्त्यावर काही अडचण नाही. पण हंगामात कोरेगाव रस्त्याला पहाटे दव पडलेलं, त्यावर ट्रॉल्यांतून सांडलेलं पाचट आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. तिथे ब्रेक गच्च दाबला की चाक सरकतंच. मी आधी रेस सोडते, एक गिअर खाली घेते आणि मग दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आणते. हे हाताला लागेपर्यंत पावसात 40 च्या वर जाऊच नका.

ट्रॉल्यांचं वेगळं सांगायला हवं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे रिफ्लेक्टर असला तर असला. रात्री पुढून येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यांवर असताना मागची ट्रॉली दिसतच नाही. ओव्हरटेक करताना पाचव्यातून चौथ्यात, वेळ पडली तर तिसऱ्यात यायचं, मग शाइन नीट पुढे निघते. पाचव्यात रेस पिळून काही होत नाही. समोरून वडापची (प्रवासी भरून नेणारी) जीप येत असेल तर ट्रॉलीमागेच राहायचं, कोरेगाव कुठे पळून जात नाही.

यवतेश्वरचा घाट माझ्या घरापासूनच सुरू होतो म्हटलं तरी चालेल. एकटी असले तर तिसऱ्यात, मागे कुणी असेल तर दुसऱ्यात, गाडी कुरकुर न करता चढते. उतरताना आपल्याकडे एक भारी खोड आहे, पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायची. नव्या माणसाने हे अजिबात करू नये. गिअरमध्ये असलेलं इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ते काढलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धुक्यात वळण दिसेपर्यंत वेग वाढलेला असतो. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

हायवेवर ही गाडी मला आवडत नाही. 60-65 पर्यंत ठीक, पण शेजारून कंटेनर गेला की वाऱ्याचा धक्का बसतो आणि गाडी हातभर सरकते. हा गुण हलक्या वजनाचाच. ज्या वजनामुळे ती राजवाड्यापाशी माझ्या हातात राहते, त्याचीच ही दुसरी बाजू. मी शेंद्र्याच्या पुढे सहसा नेत नाही.

खरेदीतल्या दोन-तीन गोष्टी. 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे कुणाची त्याआधीची पावती बघून हिशेब करू नका. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा घ्यावाच लागतो, त्यावर बाकी काय जोडायचं ते तुमच्या मर्जीवर. नव्या गाडीबरोबर आयएसआय हेल्मेट द्यायचा नियम आहे. मी जिथून घेतली तिथे ते मागितल्यावरच आतून आलं, आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज मात्र न मागता बिलात आलं. काढायला लावलं, साडीगार्ड तेवढा ठेवला. तो दिसायला खराब म्हणून पोरं काढून टाकतात. ओढणी चाकात गेली की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय ते काढत नाहीत.

देखभाल फारशी नाही. चेनकडे मात्र लक्ष ठेवा, स्कूटरवाल्यांना तिची सवय नसते. एका गॅरेजमध्ये ती इतकी ताणून दिली की गाडी जड चालायला लागली. मधोमध बोटाने वरखाली केली तर साधारण 2 ते 3 सेंटीमीटर हलली पाहिजे. पावसाळ्यात आठवड्याला पुसून वंगण द्यायचं, नाहीतर गंज चढतो.

कुणी घेऊ नये तेही सांगते. रोज हायवेने कराड किंवा शिरवळ करणार असाल तर 150-160 सीसीची एबीएसवाली बघा, 125 वर जीव टांगणीला लागेल. उंची 6 फुटांच्या आसपास असेल तर शाइनवर गुडघे वर येतील. आणि ज्यांना गाडीकडे चार माणसांनी वळून बघायला हवं आहे, त्यांचीही निराशा होईल. दादा अजून हंटरच म्हणतो. खुशाल घेऊ दे, तो धिप्पाड आहे आणि त्याची गाडी सपाट पार्किंगमध्ये उभी राहते.