एका नावाची दोन फंक्शनं: सीच्या टेस्टमध्ये कुठला मार्ग धरायचा?

डिसेंबर 2023 पर्यंत दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिमेचा, एक मध्यचा. 'एक नंबरवर उभा आहे' म्हणणारा नक्की कुठे उभा आहे, हे परत फोन करून विचारावं लागायचं. मग पश्चिमेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्यचे 8 ते 14 केले. सी भाषेच्या लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम बनवणाऱ्याला, असा गोंधळ एक क्षणही चालत नाही. खरं 'सेन्सर_रीड' आणि टेस्टसाठी लिहिलेलं खोटं 'सेन्सर_रीड' एका बिल्डमध्ये आलं की 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून तो हात वर करतो.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे खरी फाइल लिंकच न करणं. प्रत्येक टेस्ट फाइलची वेगळी एक्झिक्युटेबल बनवायची. तिच्यात तपासायची फाइल आणि बाकीच्यांचे मॉक (टेस्टपुरती खोटी फंक्शनं), एवढंच. सी टेस्टचं बिल्ड टूल सीडलिंग हेच करतं, आणि हेडर (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) वाचून मॉकही सीमॉक या टूलकडून बनवून घेतं. मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) लांबते, बिल्डला वेळ लागतो, पण प्रॉडक्शन कोडला हात लागत नाही. नवं काम सुरू करत असाल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.

अडतं ते तपासायचं आणि खोटं करायचं फंक्शन एकाच फाइलीत असलं की. लोक मग लिंकरच्या 'रॅप' या पर्यायाकडे वळतात. जीएनयू लिंकरला नाव दिलं की त्या फंक्शनचे कॉल तो 'रॅप' उपसर्गाच्या तुमच्या फंक्शनकडे वळवतो, आणि मूळचं 'रियल' उपसर्गाने हाताशी राहतं. मेमरी मागणारं मॅलॉक पाचव्यांदा फेल करून बघायचंय, आधीचे चार खरे हवेत, अशा टेस्टला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. सीमोका ही टेस्ट लायब्ररी वापरणारे बहुतेक याच वाटेने जातात.

पण एकाच फाइलीच्या अडचणीवर हा उपाय नाहीच! रॅप फक्त फाइलीबाहेर शोधाव्या लागणाऱ्या नावांना लागू होतो. फंक्शन ज्या फाइलीत लिहिलंय त्याच फाइलीतून त्याला हाक मारली, तर नाव तिथेच सापडलेलं असतं, लिंकर वळवत नाही आणि एररही देत नाही. अंधेरीच्या ऑफिसात मी याच्यापायी दोन दिवस घालवले. मॉक कधी बोलावलाच जात नव्हता आणि मी मॉकमधलीच चूक शोधत बसलो होतो. शिवाय मॅकच्या लिंकरला हा पर्याय नाही, टीममध्ये दोघं जरी मॅकवाले असले तरी आधी विचारून घ्या.

एकाच फाइलीच्या अडचणीत 'वीक' कामाला येतं. मूळ फंक्शनला जीसीसी कंपायलरचं वीक ॲट्रिब्यूट लावलं की टेस्टमधलं त्याच नावाचं साधं फंक्शन जिंकतं, कॉल त्याच फाइलीतला असला तरी. मायक्रोकंट्रोलरवाल्यांना हे ओळखीचं आहे, स्टार्टअप फाइलमधले इंटरप्ट हँडलर असेच असतात. मात्र मॉकच्या नावात एक अक्षर चुकलं तर लिंकर काही बोलत नाही, मुकाट्याने खरंच फंक्शन चालवतो. आणि टेस्टसाठी प्रॉडक्शन कोडवर खूण करणं कित्येक रिव्ह्यूमध्ये पास होत नाही. तसं असेल तर ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइलची प्रत घेऊन ऑब्जकॉपी या टूलने त्या प्रतीतलं नाव वीक करा. ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर कंपायलरने फंक्शन आधीच इनलाइन करून, म्हणजे कॉलच्या जागी त्याचा कोडच घालून, टाकलेलं असेल.

कंपाइल करताना मॅक्रोने नाव बदलणं झटपट होतं, पण त्या फाइलीत ते नाव जिथे जिथे येईल तिथे बदलतं, व्याख्येतसुद्धा. माझ्या मते त्याची खरी जागा एकच: तपासायच्या फाइलीतलं 'मेन' (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) टेस्टच्या 'मेन'ला धडकतं तेव्हा. थेट कॉलऐवजी फंक्शन पॉइंटर (फंक्शनचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) घालणं हा डिझाइनचा निर्णय आहे, केवळ टेस्टसाठी तो घेऊ नये.

राहिला लिंकरला 'दोन व्याख्या चालतील' सांगणारा पर्याय. जी पहिली सापडेल ती घेतली जाते, म्हणजे मेकफाइलमधला क्रम बदलला की टेस्टचा अर्थ बदलला. हे करू नका.

आणि यातलं काही करण्याआधी एररमधलं नाव नीट वाचा. ते फंक्शनचं नसून व्हेरिएबलचं असेल आणि कोड जुना असेल, तर मॉकचा दोष नाही: 2020 च्या जीसीसी 10 पासून हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता ठेवलेलं ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत आलं की हीच एरर येते.