आधी गेटवर उभे राहिले, मग आराखडा काढला : ५ पैकी ४ तारे

हा अभिप्राय सॉफ्टवेअरचा आराखडा काढून देणाऱ्या दोन सल्लागारांबद्दल. तुर्भ्याला आमचं कोल्ड स्टोरेज आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. हिशेब मी बघते. जुना प्रोग्रॅम व्हीबी ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला, डेटा त्यांच्याच अ‍ॅक्सेसच्या फाइलीत. व्हीबी ६ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच बंद केला, तरी आमचं गाडं चाललं होतं. पण अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. गेल्या सीझनला ती भरली. गेटवर मिरचीच्या गाड्या उभ्या आणि आम्ही वहीत लिहितोय!

एका कंपनीने नव्या सिस्टमसाठी बारा मायक्रोसर्व्हिसेस सुचवल्या, म्हणजे एकाच कामाचे बारा वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम. सांभाळणार कोण, विचारलं तर उत्तर आलं, "क्लाउड." आमच्याकडे आयटीचा एक मुलगा आहे, तोही अर्धा दिवस येतो.

मग भावोजींनी वागळे इस्टेटमधल्या या दोघांचा नंबर दिला. हे फक्त सल्ला देतात, कोडिंग कोणाकडूनही करून घ्या. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही. काटा, गेटपास, हमालीची पावती बघत बसले. मग म्हणाले, "मॅडम, दहा वर्षांत काय काय बदलावं लागलं?"

हे माझं तोंडपाठ. जुलै २०१७ ला जीएसटी. त्याच नोव्हेंबरात परिपत्रक आलं : तेव्हा अख्खा हरभरा ठेवला तर भाड्यावर कर नव्हता, त्याचीच डाळ ठेवली तर होता. ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, त्याची उलाढालीची मर्यादा २०२० मध्ये ५०० कोटी होती, उतरत उतरत ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली आणि आम्ही सापडलो. लॉट नंबर आणि पोत्यांची आवक-जावक मात्र सासऱ्यांच्या वेळेपासून तशीच.

आराखडा त्यावरच बेतला. एकच अ‍ॅप्लिकेशन, एकच पोस्टग्रेस डेटाबेस, आत वेगळे कप्पे : लॉट, भाडं, कर, बिल. एकाने दुसऱ्याच्या टेबलात परस्पर हात घालायचा नाही, ठरलेल्या दारातूनच विचारायचं. कराचे दर तारखेसकट, म्हणजे जुनं बिल उघडलं तर जुन्याच दराने दिसेल. भाषा जावा, का तर माणसं सहज मिळतात. पुढे कधी वेगळा काढावा लागलाच तर तापमानाच्या सेन्सरचा कप्पा, कारण त्याची नोंद मिनिटामिनिटाला होते. प्रत्येक निर्णयाला एक पान : काय घेतलं, काय नाकारलं, का.

एक तारा कापला, कारण तीन आठवडे सांगून पाच लावले. शिवाय बॅकअपच्या पानावर "रोज घ्यावा" एवढंच. तो परत चढवून कसा बघायचा, हे मला खोदून विचारावं लागलं.

आता कोडिंग चालू आहे, दुसऱ्यांकडे. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडच्या एका मुलाने कराचा हिशेब थेट बिलाच्या स्क्रीनमध्येच लिहिला होता. मी त्या निर्णयांमधलं चौथं पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. कुरकुरला, पण हिशेब कराच्या कप्प्यात हलवला.