पबमेड आणि कॉक्रेन: वॉर्डातून आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

नागपुरात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या फिमेल मेडिकल वॉर्डात मी स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे नियम होता की इंट्राकॅथला (सलाईनसाठी शिरेत टाकतात ती बारीक नळी) ७२ तास झाले की काढायचं आणि दुसऱ्या हाताला नवीन टाकायचं, आधीचं कितीही चांगलं चालू असो. मे महिन्यात ऊन लागून डिहायड्रेट झालेल्या एक आजी ॲडमिट होत्या, शीर सापडता सापडत नव्हती, तिसऱ्यांदा टोचल्यावर त्या म्हणाल्या, "काहून टोचून राहिली वं माय, जुनी तर चालूच होती न." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. इन्चार्ज सिस्टरना विचारलं तर त्याही म्हणाल्या, आम्हाला असंच शिकवलंय. तिथून शोधायला लागले.

पहिला महिना जवळजवळ वायाच गेला. पबमेड म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची वेबसाइट, तिच्यावर साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत, तिथे "इंट्राकॅथ किती दिवसांनी बदलावे" असं आख्खं वाक्य इंग्रजीत टाकलं की काहीही येतं. मग एम.एस्सी. करत असलेल्या मैत्रिणीने पिको शिकवलं, म्हणजे पेशंट कोण, आपण काय करणार, त्याची तुलना कशाशी आणि मोजायचं काय. माझा प्रश्न असा झाला: मोठ्या माणसांमध्ये इंट्राकॅथ ठरलेल्या वेळी बदललं विरुद्ध गरज पडेल तेव्हाच बदललं, तर फ्लेबायटिसमध्ये (शिरेला सूज येण्यात) फरक पडतो का? प्रश्न असा नीट कागदावर लिहिल्याशिवाय आता मी मोबाईल हातात घेत नाही.

दुसरी गोष्ट मेश. पबमेडची स्वतःची ठरलेली शब्दांची यादी आहे, पेपरांना त्यातले शब्द लावलेले असतात. आपण इंट्राकॅथ म्हणतो पण तिकडे ते "पेरिफेरल कॅथेटरायझेशन" मध्ये बसतं, आपण बेडसोर म्हणतो ते "प्रेशर अल्सर". तो शब्द सापडला की अर्धं काम झालं. आणि अँड, ऑर हे कॅपिटलमध्येच टाईप करायचे, नाहीतर पबमेड त्यांना जोडणारे शब्द म्हणून धरत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

मग डावीकडचं सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षाचं) फिल्टर लावलं आणि असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१९चा रिव्ह्यू समोर आला, बरोब्बर माझाच प्रश्न, ९ ट्रायल (पेशंटवर करून बघितलेले अभ्यास) आणि ७,४१२ पेशंट. शिवाय लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधली २०१२ची ट्रायल, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन हॉस्पिटलमधली, ३,२८३ पेशंटची. तिच्यात तिसऱ्या दिवशी बदललेल्यांमध्ये फ्लेबायटिस ७ टक्के आणि गरजेप्रमाणे बदललेल्यांमध्येही ७ टक्केच. रात्री अडीच वाजता नर्सिंग स्टेशनवर बसून मी तो आकडा दोनदा वाचला, आणि डोळ्यासमोर त्या आजीच आल्या.

पण इथेच थांबू नका हे मला मनापासून सांगायचं आहे. मी आधी फक्त ॲबस्ट्रॅक्टचा (पेपरच्या सारांशाचा) शेवट वाचून उड्या मारत होते. पूर्ण रिव्ह्यू वाचला तेव्हा दिसलं की गरजेप्रमाणे बदलताना सलाईन बाहेर उतरून हात सुजणं आणि लाईन ब्लॉक होणं थोडं जास्त होऊ शकतं, आणि प्रत्येक शिफ्ट बदलताना ती जागा तपासा असं स्पष्ट लिहिलंय. आता आमच्याकडे जागेवर पांढरी चिकटपट्टी गोल गुंडाळलेली, खालचं काही दिसत नाही, रात्री दोघींमध्ये तीस पेशंट. मग तपासणार कसं? म्हणून मी नियम बदला असं न म्हणता आधी पारदर्शक ड्रेसिंग मागितलं आणि हँडओव्हरच्या कागदावर इंट्राकॅथच्या जागेसाठी एक रकाना टाकायला सांगितलं. पट्टीपेक्षा ते ड्रेसिंग महाग पडतं म्हणून दोन महिने गेले, पण रिव्ह्यूतच लिहिलंय की गरजेप्रमाणे बदललं तर खर्च कमी होतो, ते पान प्रिंट काढून मीटिंगमध्ये ठेवलं. आता आमच्या एका वॉर्डात सुरू आहे.

पैशांचं सांगायचं तर पबमेड फुकट आहे पण त्यात बहुतेक वेळा फक्त ॲबस्ट्रॅक्ट असतो, पूर्ण पेपर पबमेड सेंट्रल या फुकट पेपरांच्या साठ्यावर असला तरच तिथे फुकट मिळतो. कॉक्रेनचे रिव्ह्यू छापून वर्ष झालं की सगळ्यांना खुले होतात, त्यामुळे जुना रिव्ह्यू पैसे मागत असेल तर परत नीट बघा. "फ्री फुल टेक्स्ट"ची खूण सुरुवातीलाच लावू नका, महत्त्वाचे पेपर गळतात, आधी काय काय आहे ते बघा आणि मग मिळवायचं कसं ते बघा. नर्सिंगसाठी खास असलेला सिनाल हा पेपरांचा डेटाबेस विकतचा आहे, मला तो मैत्रिणीच्या कॉलेजच्या लायब्ररीत दोनदाच बघायला मिळाला, पेशंटच्या आणि नर्सच्या अनुभवावरचे अभ्यास तिथे जास्त सापडले. २०२५पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या सरकारी योजनेत सरकारी कॉलेजांना जवळपास १३,००० जर्नल मिळतात, आमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांना नाही, याचं खरंच वाईट वाटतं कारण पेशंट तर दोन्हीकडे सारखेच. भारतातले थिसिस हवे असतील तर शोधगंगा फुकट आहे. गुगल स्कॉलर मी शेवटी बघते, चांगलं आणि पैसे घेऊन काहीही छापणारं तिथे एकाच रांगेत येतं.

आणि एक, पबमेडवर अकाउंट काढून सर्च सेव्ह करून ठेवा, नवीन पेपर आला की मेल येतो. सध्या मी व्हेंटिलेटरच्या पेशंटचं तोंड साफ करण्याचं शोधून राहिले आहे. आयसीयूत सगळे क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशकच वापरतात, आणि अमेरिकेतली २०२२ची शिफारस सांगते की ब्रशने दात घासा पण क्लोरहेक्सिडिन नको. मूळ ट्रायल वाचून झाल्या की आयसीयूच्या सिस्टरना नेऊन देणार आहे.