लिफ्ट केलेल्या जिप्सीचं स्टिअरिंग: नऊ महिने, चार पार्ट आणि एक इंच

आधी गाडी सांगतो. जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, 2003 ची, दोनदा आरसी रिन्यू झालेली. मागच्या सीटा काढून टाकल्यात आणि हुड बहुतेक वेळा उघडाच असतो, त्यामुळे घरात तिला पिकअपच म्हणतात. मुरबाडला बाबांची थोडी जमीन आहे, तिथे खताच्या गोण्या, पाइप, पत्रे सगळं हीच नेते, बाकीचे दिवस भांडुप ते ऑफिस.

मागच्या वर्षी मी हौसेने गाडी 3 इंच लिफ्ट केली, म्हणजे चाकांच्या वर बॉडी तेवढी उंच केली. 2 इंच नवीन पाट्यांतून (म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंग) आणि 1 इंच लांब शॅकलमधून, म्हणजे पाटीचं टोक चासीला लटकवणाऱ्या कडीतून (शॅकल 2 इंच लांब केली की गाडी 1 इंचच उचलते, हे मला पैसे देऊन झाल्यावर कळलं). टायर 205/70 वरून 235/75, रिम 15 च. दिसायला गाडी एकदम कडक झाली आणि चालवायला बोंब. ईस्टर्न फ्रीवेवर काट्यावर 65 असताना, म्हणजे मोठ्या टायरमुळे खरे 70 च्या वर, एका जॉइंटवरून गेलो आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की शेजारी बसलेल्या बायकोने डॅशबोर्डची दांडी धरली ती थेट वडाळ्याला सोडली. वर स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी उजवीकडे, आणि खड्डा आला की आपोआप हिसका.

अलाइनमेंटवाल्याकडे गेलो तर तो टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) सेट करून मोकळा, "साब इसमें और कुछ होता नहीं". खरंय म्हणा, पुढे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा, त्यात कॅस्टर (चाक ज्या किंगपिनवर वळतं तिचा मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) फिरवायला बोल्टच नाही. पण मशीनवर आकडे तर दिसतात ना! कॅस्टर दीड अंशाच्याही खाली आला होता. कारण साधं आहे, जिप्सीला पुढची शॅकल पाटीच्या पुढच्या टोकाला असते. ती 2 इंच लांब केली की पाटीचं पुढचं टोक तेवढं खाली जातं, पाटी मीटरभर धरली तर जवळपास 3 अंशाचा कल, आणि पाटीला बांधलेला ॲक्सलही तेवढाच फिरतो. किंगपिनचं वरचं टोक पुढे झुकलं की स्टिअरिंग स्वतःहून सरळ व्हायचं विसरतं.

मग मी पार्ट गोळा करायला लागलो. चार गोष्टी आणल्या, साधारण 22 हजार गेले, मजुरी धरून.

पहिला झेड आकाराचा ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सच्या आर्मपासून चाकाकडे जाणारा रॉड. सगळे म्हणतात बंप स्टिअर, म्हणजे खड्ड्यातला तो हिसका, जातो, म्हणून आधी तोच घेतला. नाही गेला. रात्री कागदावर रेघा मारत बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला, अरे रॉड सरळ असो नाहीतर जिलेबीसारखा, चाकाला फक्त दोन बॉल जॉइंटमधली रेषा कळते, आणि ती तर तीच आहे! वाकवल्याचा फायदा एवढाच की बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडकत नाही आणि रॉड पाटीला लागत नाही. तेवढ्यासाठी ठेवलाय, चांगला आहे, पण ज्या आजाराचं औषध म्हणून विकतात तो आजार त्याने जात नाही.

दुसरा स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगची थरथर दाबणारा शॉक ॲब्झॉर्बर. लावल्यावर पहिल्या दिवशी वाटलं सुटलो, थरथर गायब. दोन महिन्यांनी घोडबंदरच्या गायमुख घाटात परत आली, आधीपेक्षा जोरात, कारण मधल्या काळात किंगपिनचे बेअरिंग ढिले होत होते आणि डँपर ते झाकत होता. आता नियमच केलाय, कुठलाही बदल केला की डँपर काढून तीन दिवस चालवायची.

तिसरे कॅस्टरचे वेज, म्हणजे पाचरी, स्टीलचे, पाटी आणि ॲक्सलच्या मध्ये बसणारे. ॲल्युमिनियमचे स्वस्त मिळतात, ते दबतात आणि तडकतात, घेऊ नका. कुर्ल्याला सीएसटी रोडजवळ एका गॅरेजमध्ये बसवले आणि गाडी घेऊन निघालो तर सिग्नलच्या आतच कळलं की आधीपेक्षा वाईट. उलटे बसवले होते. जिप्सीची पाटी ॲक्सलच्या खाली असते, त्यामुळे वेजची जाड बाजू पुढे हवी, त्याने मागे ठेवली, होता नव्हता तो कॅस्टरही गेला. परत खोललं, सेंटर बोल्ट लांब टाकला, यू-बोल्ट नवे, 300 किलोमीटरनंतर पुन्हा टाइट. यावेळी कॅस्टर पावणेचार आला आणि गाडी बऱ्याच दिवसांनी माणसासारखी चालली, वळणावरून हात सैल सोडला की स्टिअरिंग परत यायचं.

पण ॲक्सल फिरवला की मागे तोंड असलेला पिनियनही (ॲक्सलचा तो गिअर, ज्याला इंजिनाकडून ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट जोडतो) खाली वळतो. एरवी पुढचे हब फ्री असतात, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी, म्हणून टू व्हीलमध्ये काही जाणवलं नाही, पावसात मुरबाडच्या चिखलात हब लॉक करून फोर हाय (चारही चाकांना ताकद) टाकलं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टची घरघर सुरू. मागे गोण्या असल्या तर नाक अजून वर, घरघर अजून जास्त. बाबा म्हणाले, "ट्रॅक्टर आणलास काय रे?"

चौथा ड्रॉप पिटमन आर्म, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा ड्रॅग लिंक ओढणारा आर्म, टोक 40 मिमी खाली असलेला. गॅरेजवाले चाचा जुनाच आर्म गरम करून वाकवून देत होते, दोन हजारात, हात जोडले. स्टिअरिंगच्या या एका पार्टवर तुमचा जीव आहे, फोर्ज केलेलाच घ्या. याने मात्र खरा फरक पडला कारण यात रेषाच बदलते. माझा ड्रॅग लिंक साडेदहा अंश तिरका होता, तो साडेसातवर आला. म्हणजे ॲक्सल 50 मिमी वर गेला की आधी रॉडचं टोक आडवं साडेसात मिमीच्या आसपास सरकायचं, आता पाच. सुधारणा आहे, चमत्कार नाही.

सहाव्या महिन्यात कंटाळून लांब शॅकल काढल्या, कंपनीच्या जुन्या लावल्या, वेजही काढले. एक इंच खाली आलो. फुकट. कॅस्टर आपोआप साडेतीनच्या आसपास, ड्रॅग लिंकचा कोन सहाच्या खाली, घरघर बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर बंपरच्या कोपऱ्याला घासायला लागला, तेवढा कोपरा ग्राइंडरने उडवला. मागच्या महिन्यात अटल सेतूवर आडवा वारा असताना 80 ने गेलो, डँपर न लावता, एका हाताने नाही म्हणणार पण दोन बोटं मोकळी होती.

लिफ्टबद्दल विचारणाऱ्यांसाठी, मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल (दोन्ही गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल) आधी वाचून घ्या, मी कुणाला करा म्हणत नाही. केलीच असेल तर 2 इंचांवर थांबा, पिटमन आर्म घ्या, किंगपिन बेअरिंग तपासा आणि मशीनवरचा कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घ्या.

वेज घरी पडलेत, जाड बाजूवर पांढऱ्या पेंटने मोठ्ठं 'पुढे' लिहून ठेवलंय.