दोन हिवाळे, दोन उन्हाळे आणि चार तारा

डेट्रॉईटजवळच्या आमच्या घरातली जुनी फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, आणि जुना एसी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये काढून आम्ही नवी यंत्रणा बसवून घेतली. बेसमेंटमध्ये ज्योत कमी-जास्त करू शकणारी गॅसची फर्नेस, तिच्या डोक्यावर हवा गार किंवा गरम करणारी नळ्यांची कॉइल, अंगणात इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा तीन टनांचा हीट पंप (उन्हाळ्यात एसीसारखा गार करणारा आणि हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करणारा) आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याच कंपनीचा कंट्रोलर, असा हा सगळा संच आहे. इथले कंत्राटदार त्याला ‘कम्युनिकेटिंग सिस्टीम’ म्हणतात, म्हणजे जिचे भाग एकमेकांशी बोलतात अशी यंत्रणा. दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे तिच्यासोबत काढल्यावर हा अनुभव लिहीत आहे. पुढे एका बिघाडाची हकीकतही येणार असल्यामुळे कंपनीचे आणि कंत्राटदाराचे नाव दिलेले नाही. तसेही मी जे लिहितो आहे ते या प्रकारच्या बहुतेक यंत्रणांना लागू पडावे.

हे बोलणे म्हणजे नेमके काय, ते आधी सांगायला हवे, कारण विकणारे ते फारसे समजावून सांगत नाहीत. साध्या थर्मोस्टॅटमधून, म्हणजे तापमान पाहून यंत्रे चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या डबीतून, 24 व्होल्टच्या बारीक रंगीत तारा निघतात. पांढऱ्या तारेत वीज आली की फर्नेस पेटते, पिवळीत आली की बाहेरचा कॉम्प्रेसर सुरू होतो आणि हिरवीत आली की ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा पंखा, फिरू लागतो. या तारांना चालू आणि बंद एवढे दोनच शब्द ठाऊक असतात, आणि तेही एकाच दिशेने जातात. फर्नेस खरोखर पेटली का, कॉइलवर बर्फ धरला आहे का, डक्टमधून, म्हणजे खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांतून, हवा पुरेशी वाहते आहे का, हे थर्मोस्टॅटला कधीच कळत नाही. आमच्या नव्या यंत्रणेत चारच तारा आहेत. त्यांतल्या दोन कंट्रोलरला वीज पुरवतात आणि उरलेल्या दोन तारांवरून सगळे भाग सतत आकड्यांच्या भाषेत निरोप पाठवत असतात. काही कंपन्या तीन तारांतही हे भागवतात. ‘घराला सध्या 40 टक्के उष्णता पुरे आहे’ असे कंट्रोलर सांगतो, बाहेरचा पंप आपला वेग ठरवून ‘मला एवढी हवा लागेल’ असे कळवतो आणि ब्लोअर तेवढीच हवा ढकलतो.

पुण्यामुंबईकडच्या वाचकांना हे परके वाटू नये. तिकडच्या इन्व्हर्टर स्प्लिट एसीतही आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये विजेच्या तारांबरोबर निरोपाची एक तार ओढलेली असते, आणि एका कंपनीचे आतले युनिट दुसऱ्या कंपनीच्या बाहेरच्या युनिटला जोडावे असे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या डक्टच्या घरांत मात्र फर्नेस एका कंपनीची, एसी दुसरीचा आणि थर्मोस्टॅट तिसरीचा अशी सरमिसळ वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत आली. नव्या यंत्रणेत ती मोकळीक संपते, आणि या खरेदीतला सर्वात मोठा प्रश्न तोच आहे. त्याकडे पुढे येतोच.

यंत्रणा बसवण्याच्या दिवशी जे पाहिले त्याने माझे मत बरेचसे बनले. मेकॅनिकने फर्नेसचे झाकण लावले, वीज सुरू केली आणि कंट्रोलरच्या पडद्यावर एकेक भाग स्वतःची ओळख देत उगवला. फर्नेस 60,000 बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे माप), पंप तीन टनांचा, हे कोणीही टाइप केले नव्हते. (आधीची फर्नेस 1,00,000 बीटीयूची होती; घराला एवढ्या उष्णतेची गरजच नाही, हे खोल्या, खिडक्या आणि इन्सुलेशन मोजून केलेल्या हिशोबात दिसले. हा हिशोब कागदावर मागितल्याशिवाय कोणीही सही करू नये.) मग ब्लोअर वेगवेगळ्या वेगांनी आपणहून फिरला आणि डक्टमधला दाब मोजून त्याने आकडा दाखवला. हा दाब पाण्याच्या उंचीत, इंचांत मोजतात; साधारण अर्धा इंच अपेक्षित असताना आमच्याकडे तो जवळजवळ दुप्पट निघाला. जुन्या घरात परतीच्या हवेचा डक्ट अरुंद होता, आणि वीस वर्षांत एकाही मेकॅनिकला ते कळले नव्हते. एक नवा परतीचा डक्ट काढल्यावर आकडा खाली आला आणि वरच्या मजल्यावरची मागची खोली प्रथमच बाकी घराइतकी ऊबदार झाली. त्या खोलीसाठी मी कितीतरी हिवाळे छोटा हीटर वापरला होता.

उन्हाळ्यात मिशिगनमध्ये तापमानापेक्षा दमटपणा जास्त छळतो. इथे या बोलण्याचा फायदा सर्वात स्पष्ट जाणवला. सर्वसाधारणपणे एका टनामागे मिनिटाला 400 घनफूट हवा कॉइलवरून नेतात. हवेतले पाणी काढायचे असेल तर हवा संथ करावी लागते, म्हणजे कॉइल अधिक थंड राहते आणि तिच्यावर जास्त पाणी निथळते. आमचा कंट्रोलर घरातला दमटपणा मोजतो, ब्लोअरला 350 किंवा त्याहूनही खाली उतरवतो आणि कॉम्प्रेसरला मंद गतीवर तासन् तास चालू ठेवतो. जुना एसी दहा-बारा मिनिटांत घर गार करून बंद पडायचा आणि घर थंड पण चिकट राहायचे. आता 75 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 24 अंश सेल्सिअसला, आम्ही सुखाने झोपतो. पूर्वी 71 शिवाय चैन पडत नसे.

हिवाळ्यात बाहेरचे तापमान साधारण 25 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 4 सेल्सिअसपर्यंत, हीट पंप घर सांभाळतो आणि त्याखाली गेले की काम गॅसकडे जाते. हा आकडा कंट्रोलरमध्ये आपण ठरवू शकतो. गॅस आणि विजेचे आपापल्या गावातले दर पाहून तो ठरवावा. गेल्या वर्षी आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली होती. पहिल्या आठवड्यातच ती म्हणाली, ‘‘अरे, मागच्या वेळी यायचा तो गरम हवेचा भपकारा आता येत नाही, आणि मध्येच गुडघे गारही पडत नाहीत.’’ तंत्रज्ञानाबद्दल तिला काही सांगितलेले नव्हते. ज्योत आणि ब्लोअर दोन्ही मंद ठेवून सतत चालणे म्हणजे काय, ते याहून नेमक्या शब्दांत मला सांगता आले नसते.

आणखी एक गोष्ट आईच्या लक्षात आली नाही, हेच यंत्रणेचे यश म्हणावे लागेल. थंडीत हीट पंपाच्या बाहेरच्या कॉइलवर हिमाचा थर जमतो आणि तो वितळवण्यासाठी पंप काही मिनिटे उलटा, म्हणजे एसीसारखा चालतो. त्या वेळी घरात थंड हवा यायला हवी. पण बाहेरचे युनिट तसे करण्यापूर्वी फर्नेसला निरोप देते, फर्नेस मंद पेटते आणि व्हेंटमधून येणारी हवा कोमटच राहते. अंगणात मात्र पंपातून वाफेचा मोठा लोट उठतो; पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा आग लागली की काय, असे वाटून मी चपला घालून तसाच बर्फात धावलो होतो.

आता बिघाडाबद्दल. पहिल्याच फेब्रुवारीत एका रात्री पडद्यावर ‘बाहेरच्या युनिटशी संपर्क नाही’ असा संदेश आला. घर थंड पडले नाही, कारण कंट्रोलरने सगळे काम फर्नेसवर टाकले. त्याबद्दल मी या रचनेला पूर्ण गुण देतो. पण दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने पाच मिनिटांत निदान केले की बाहेरचा सर्किट बोर्ड गेला आहे, आणि तो वॉरंटीत असला तरी मजुरीचे पैसे भरावे लागतील. बोर्ड बदलला, संदेश कायम राहिला. तिसऱ्या दिवशी आलेल्या वयस्क गृहस्थांनी मीटर काढला आणि तुळईच्या कडेने जाणारी केबल बोटांनी चाचपत नेली. एका जागी केबल पकडून ठेवणारी स्टेपल इतकी खोल ठोकली होती की तिचा दात केबलच्या सालीतून आत शिरून निरोपाच्या तारेला टोचला होता. चार इंच तार कापून नवीन जोड दिल्यावर काम संपले. साध्या थर्मोस्टॅटला अशी टोचलेली तार कदाचित वर्षभर चालली असती. या यंत्रणेला तारा नव्या, अखंड आणि जाड विजेच्या केबलपासून दूर लागतात. जुन्याच तारांवर भागवू असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराला तिथेच थांबवावे.

पैशांच्या बचतीचे श्रेय मात्र या बोलण्याला द्यायला मी तयार नाही. आमचे गॅसचे बिल उतरले, विजेचे काहीसे चढले आणि एकूण खर्च कमी झाला. पण त्यातला बराचसा वाटा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, मंद ज्योतीचा आणि योग्य मापाच्या फर्नेसचा आहे. त्यांतल्या काही गोष्टी कमी आणि जास्त अशा दोनच टप्प्यांवर चालणाऱ्या साध्या यंत्रणेतही बऱ्यापैकी मिळतात. बोलण्यातून जे मिळते ते म्हणजे दमटपणावरचा ताबा, शांतता आणि बिघाडाचा पत्ता. त्याच्या बदल्यात आपण एका कंपनीशी पंधरा वर्षांचा संसार मांडतो. बाजारातला दुसरा कोणताही स्मार्ट थर्मोस्टॅट लावला तर वेग कमी-जास्त करण्याची सगळी हुशारी जाते. बाहेरचे युनिट निकामी झाले तर त्याच कंपनीचे, त्याच पिढीचे युनिट शोधावे लागते. 2025 पासून इथल्या नव्या यंत्रणांत नळ्यांतून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या जुन्या आर-410ए वायूची जागा आर-454बी आणि आर-32 या वायूंनी घेतली असल्यामुळे तो शोध आता आणखी अवघड होईल, असे मला वाटते.

म्हणून ज्यांची फर्नेस आठ-दहा वर्षांचीच आहे आणि फक्त एसी गेला आहे, किंवा जे तीन-चार वर्षांत घर विकणार आहेत, त्यांनी हा खर्च करू नये. फर्नेस आणि एसी दोन्ही एकदम म्हातारे झाले असतील, घरात कोणाला संधिवात किंवा दमा असेल आणि गावात निवडलेल्या कंपनीचे काम जाणणारे किमान दोन वेगळे मेकॅनिक असतील, तर अवश्य करावा. मी पुन्हा हीच यंत्रणा घेईन.

आमच्या फर्नेसच्या बोर्डावर चार तारांच्या जागेशेजारी जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या तारांचे स्क्रूही आहेत. कंट्रोलर कधी अचानक गेला तर साधा थर्मोस्टॅट तिथे जोडून फर्नेस तात्पुरती चालवता येते. त्या वयस्क मेकॅनिकने जाण्यापूर्वी ते स्क्रू मला दाखवले आणि कोणती तार कुठे लावायची, हे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. भिंतीवरून उतरवलेला आमचा जुना थर्मोस्टॅट फेकायचा राहिला होता. तो आता एका पिशवीत घालून फर्नेसजवळच्या खिळ्याला टांगला आहे.