काट्यावर वजन कमी भरलं आणि मी फसलो

ठाण्यात तलावपाळीवर रविवारी संध्याकाळी एकजण जुनी नाणी घेऊन बसतो. त्याच्याकडून मी पाच रुपयांचं एक नाणं 2200 रुपयांना घेतलं आणि ते कानशीने घासलेलं निघालं. नाण्यांचा नाद असलेल्यांनी हे जरूर वाचा.

नाणं 1999 चं, जाड्या पाचचं. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नाही. टांकसाळीत चुकून असं झालेल्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे मोजतात. "टांकसाळीतली चूक आहे साहेब, कट एरर," म्हणत त्याने होल्डरमधून चिमट्याने नाणं काढलं आणि खिशातल्या काट्यावर ठेवलं. मूळ वजन 9 ग्रॅम, काट्यावर आलं 8.4. लगेच नाणं परत होल्डरमध्ये. "हात लागला की भाव पडतो." शेजारी लेक उभी होती, दोन वर्षांपासून नाणी जमवतेय. मी जीपे केलं.

नौपाड्यातल्या ओळखीच्या काकांनी होल्डर उघडून भिंग लावलं. खरा कट नाणं छापण्याआधीच पडतो, असं त्यांनी समजावलं. धातूच्या पट्टीतून नाण्यांच्या कोऱ्या चकत्या पाडताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर जाते आणि अपुरी निघते. मग ठसा मारताना धातू मोकळ्या बाजूला पसरतो, म्हणून कटाजवळची अक्षरं ओढल्यासारखी, पुसट दिसतात. बऱ्याचदा कटाच्या बरोब्बर समोरची कडही बसकी असते, कारण चकतीची कड उचलताना कटाच्या बाजूने दाब मिळत नाही.

आमच्या नाण्यावर 'भारत'मधला भ मध्येच तुटलेला, उरलेला भाग मात्र टोकापर्यंत ठसठशीत. समोरची कड चांगली उठावदार. आणि कटाच्या आत बारीक, समांतर ओरखडे. बोट फिरवलं तर खरखरीत लागलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वजनाचं. त्या आकड्यावरच मी विश्वास ठेवला होता. पण कानशीने घासलं तरी वजन कमीच भरणार! धातू गेलाय एवढंच काटा सांगतो, कुठे गेला ते नाही.

पुढच्या रविवारी परत गेलो. "वजन तुमच्यासमोर केलं होतं," म्हणत त्याने पैसे नाकारले. त्याच्या अल्बममध्ये तसलीच आणखी तीन नाणी होती, तिन्हींचा कट 'भारत'च्याच जागी. एक कॉलेजचा मुलगा त्यातल्या एकाचा भाव विचारत होता. त्याला बाजूला घेतलं, लेकीचं नाणं हातात दिलं आणि कटावरून बोट फिरवायला सांगितलं.